डोळ्याला दिसलं ते फोटोत का उतरत नाही? चौकट बांधायची रीत, पायरीपायरीने

आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे निघते, तेव्हा पताकांइतकेच मोबाइल वर उचललेले दिसतात. समोर टाळमृदंग, डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बाया, जास्तीच्या बैलजोड्या लावून वर ओढला जाणारा रथ, मागे ओला हिरवा डोंगर. अंगावर काटा येतो. संध्याकाळी घरी तेच फोटो उघडले की हाती लागतो नुसता गर्दीचा काला. टोप्या पांढुरक्या आभाळात विरलेल्या, एका बाईच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला, आणि रथ कुठाय ते बोटाने दाखवावं लागतं.

महागडा कॅमेरा घेऊन हे सुटत नाही. आपल्या डोळ्याला एका वेळी खरोखर तीक्ष्ण दिसतं ते फार थोडं. हात लांब करून अंगठा धरा, त्याच्या नखाएवढं, म्हणजे साधारण २ अंश. बाकीचं सगळं धूसर असतं. पण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारतो, हवं तिथे टेकतो, नको ते ओलांडतो, आणि त्या तुकड्यांतून मेंदू एक सलग दृश्य उभं करून देतो. घाटात उभे असताना तुम्ही तो खांब पाहिलाच नव्हता. कॅमेऱ्याने पाहिला, कारण त्याला खांब आणि तुळस सारखीच. कॉम्पोझिशन म्हणजे माझ्या लेखी एवढंच: मेंदूने जागेवर परस्पर केलेली निवड चौकटीत आपल्या हाताने करायची. ती कशी, ते क्रमाने सांगतो. मोबाइल असो की मोठा कॅमेरा, बहुतेक पायऱ्या दोन्हींना लागू आहेत.

पायरी १: फोटो कशाचा, ते क्रियापदासकट ठरवा

आल्फ्रेड यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. त्यासाठी त्याने इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र घेतलं होतं: बऱ्याच काळाने अचानक घरी परतलेला माणूस आणि त्याला पाहून थबकलेलं घर. त्याने एकाच माणसाला तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं, फक्त दर वेळी प्रश्न बदलला. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की नजर सामानावर आणि कपड्यांवर फिरायची. वयं विचारली की चेहऱ्यांवरून हलायची नाही. चित्र तेच, नजरेचा रस्ता वेगळा.

तुमचा फोटो बघणाऱ्याला असा प्रश्न कोणी देत नाही, तो चौकटीनेच द्यावा लागतो. म्हणून बटण दाबण्याआधी मनात एक वाक्य तयार करा. ‘वारी’ हे वाक्य नव्हे. ‘आजी एका हाताने तुळस सावरत पाणी पितेय’ हे वाक्य आहे. त्यातल्या प्रत्येक शब्दासाठी चौकटीत काहीतरी हवं: आजी, हात, तुळस, तांब्या. ज्याच्यासाठी वाक्यात शब्द नाही, त्याला शक्य तर बाहेर काढा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या वाक्यावर उभ्या आहेत, त्यामुळे इथे आळस करू नका.

पायरी २: एक डोळा मिटा

दोन डोळ्यांत जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, पण तेवढ्यावर जवळचं आणि लांबचं आपोआप सुटं होतं. माणूस तीन मीटरवर आणि खांब तीस मीटरवर असेल, तर दोन्ही डोळ्यांना ते एकमेकांना चिकटलेले वाटूच शकत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा. म्हणून फोटो घेण्यापूर्वी एक डोळा मिटा, मान स्थिर ठेवा आणि पाहा: कशाची कड कशाला टेकतेय? कानातून फांदी निघतेय का, क्षितिजाची रेघ गळ्यावरून जातेय का?

टेकत असेल तर झूम करू नका, पाय हलवा. अर्धं पाऊल डावीकडे सरकलात की जवळचा माणूस खूप सरकतो आणि लांबचा खांब जवळजवळ तिथेच राहतो.

पायरी ३: आकृती मागच्यापासून सोडवा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. इथे वेळ घालवा.

१९१५ साली डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी ती प्रसिद्ध आकृती मांडली, जिच्यात कधी फुलदाणी दिसते तर कधी समोरासमोर दोन चेहरे. दोन्ही एकदम दिसत नाहीत. कारण कड एकाच बाजूच्या मालकीची असते. मेंदू ती कुणाला तरी बहाल करतो, तो भाग आकृती होतो आणि उरलेला मागे पसरतो. फोटोत कड कुणाची हेच कळत नसेल, तर बघणारा अडखळतो आणि पुढे सरकतो. त्याला कारण सांगता येत नाही. ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढचा फोटो उघडतो.

कड मोकळी कशी ठेवायची, हे शिकायला वारली चित्रांसारखा गुरू नाही. गेरूने सारवलेली गडद भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. दोन त्रिकोणांचं अंग, काड्यांचे हातपाय. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं पाहा. शेकडो माणसं असतात, तरी कोण काय करतंय हे लांबून वाचता येतं. माणसं सहसा एकमेकांवर चढत नाहीत, आणि हात अंगापासून सुटे असतात. कुऱ्हाड उचललेला हात आणि डोकं यांच्यात भिंत दिसते.

आता हेच दिवे घाटात लावून बघू. पावसाळ्यातलं आभाळ बहुतेक वेळा पांढरट असतं. पुरुष वारकऱ्याचं धोतर, सदरा, टोपी सगळं पांढरं. तुम्ही खाली बसून त्याला आभाळावर धरलात, तर पांढऱ्यावर पांढरं, टोपीची कडच गेली. त्याच्यासाठी थोडं उंचावर चढा, म्हणजे मागे काळा डांबरी रस्ता येईल, किंवा त्याला डोंगराच्या सावलीतल्या गर्द हिरव्यावर घ्या. टोपी लख्ख सुटी होते. तुळस घेतलेल्या बाईचं उलटं. गडद लुगडं, सावळा चेहरा, हिरवी पानं: हे सगळं हिरव्या डोंगरावर धरलं तर पानं डोंगरात मिसळतात. तिच्यासाठी गुडघ्यावर बसा, कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर आणा. वृंदावन आणि वर उचललेला हात आभाळावर येतात, हात आणि डोकं यांच्यातली फट उघडते. चेहरा फार काळा पडत असेल तर स्क्रीनवर चेहऱ्यावर टेकवून उजेड वाढवा. आभाळ थोडं जळेल. जळू द्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

उजेड-अंधार वेगळा होतोय का हे तपासायचा जुना उपाय म्हणजे डोळे किलकिले करणे. बारीक तपशील जातो, फक्त मोठे गडद-फिके ठिपके उरतात. ज्याला तेही जमत नाही त्याने कॅमेऱ्यात कृष्णधवल पिक्चर स्टाइल लावून रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली मूळ, कच्ची फाइल) ठेवावी: समोर दिसतं कृष्णधवल, पण फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. मोबाइलवर कृष्णधवल फिल्टर लावून बघावं आणि नंतर काढून टाकावा.

पार्श्वभूमी धूसर करणं, म्हणजे मोठं ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) किंवा मोबाइलचा पोर्ट्रेट मोड, हा मी शेवटचा उपाय मानतो. त्याने खांब जातो हे खरं, पण घाटही जातो. मग ती बाई दिवे घाटात होती की सोसायटीच्या गच्चीवर, काय फरक?

पायरी ४: रंगाला शेजारी निवडून द्या

पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभाग सांभाळणारे रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांना आढळलं की रंग ठीक होता, शेजारचे धागे त्याला फिका पाडत होते. त्यावरचं त्यांचं पुस्तक १८३९ साली आलं आणि पुढे चित्रकारांनी ते डोक्यावर घेतलं. रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

पहाटे दादरच्या फूल बाजारात गेलात तर याची शाळा फुकट भरते. झेंडूच्या राशी, पाट्या, बल्बचा पिवळा उजेड. फक्त झेंडूने चौकट भरली तर पाच मिनिटांत डोळा शिणतो आणि नारिंगी नारिंगी वाटेनासं होतं. त्याच राशीच्या मागे दुकानाची निळी ताडपत्री चौकटीत घ्या. निळा आणि नारिंगी एकमेकांना उचलतात. ताडपत्री थोडीच घ्या. दोघांना अर्धी-अर्धी जागा दिली तर भांडण होतं.

आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या. पिवळ्या शेवंतीच्या ढिगात एक लाल फूल पडलं असेल तर ते शोधावं लागत नाही, ते स्वतःच समोर येतं. ॲन ट्राइसमन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास यावर सविस्तर मांडणी केली: रंग, तिरकेपणा, आकारमान यांपैकी एकाच बाबतीत वेगळी असलेली वस्तू शंभरात असली काय नि दहात असली काय, लगेच डोळ्यात भरते. दोन गुण एकत्र करून शोधायला लागलं, म्हणजे ‘लालही आणि आडवंही’, की शोध मंदावतो. म्हणून तुमचा मुख्य विषय निदान एका बाबतीत बाकी सगळ्यांपेक्षा स्वच्छ वेगळा ठेवा. आणि कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची बादली आधी हलवा.

पायरी ५: फितूर शोधा

डोळा काही गोष्टींकडे हुकमी पळतो: चेहरे, डोळे, अक्षरं, चौकटीतला सर्वांत उजळ ठिपका. यात छापील चेहरेही आले. आपल्याकडे याचं एकच नाव घेतलं तरी पुरे: वाढदिवसाचा फ्लेक्स. गॉगल लावलेले नऊ भाऊ, वर साहेब, खाली ‘हार्दिक शुभेच्छा’. पुढे उभा असलेला हारवाला बिचारा कितीही सुंदर उजेडात असो, बघणारा आधी फ्लेक्स वाचणार. अशी जागा सोडून द्या. नाहीच सोडता आली तर फ्लेक्स पूर्ण दाखवा आणि फोटोच त्याचा आणि हारवाल्याचा करा. अर्धवट कापलेली अक्षरं सर्वांत वाईट, मेंदू ती पुरी करत बसतो.

माणूस जिकडे बघतो तिकडे बघणाराही बघतो. म्हणून विक्रेती तराजूकडे बघत असेल तर तराजू चौकटीत हवा, आणि ती बाहेर बघत असेल तर त्या दिशेला थोडी मोकळी जागा हवी. जागा कापून टाकली तर ती भिंतीवर आपटल्यासारखी वाटते. कधी मुद्दाम तसं करावं, कोंडमारा दाखवायचा असेल तेव्हा.

पायरी ६: गट कसे पडतात ते बघा, आणि एक तोडा

माक्स व्हेर्थायमर यांनी १९२३ च्या निबंधात मांडलं की मेंदू ठिपके सुटे सुटे पाहत नाही, गट पाडून पाहतो. जवळचे एकत्र, सारखे एकत्र, एका दिशेने हलणारे एकत्र. गेस्टाल्ट मानसशास्त्राचा हा गाभा, आणि छायाचित्रकाराला त्याचा सर्वांत जास्त उपयोग गर्दीत होतो.

जवळिकीचा नियम सोपा आहे, फक्त त्याची उलट बाजू लोक विसरतात: गट दिसायला गटांमध्ये मोकळी जागा लागते. दिंडीचा फोटो दोन दिंड्यांमधल्या अंतरासकट घ्या. ते रिकामं डांबर वाया गेलेलं नाही, त्याच्यामुळेच दिंडी दिंडी दिसते. सारखेपणाचंही तसंच. तीस पांढऱ्या टोप्या हा एक गट. त्यात एक पोरगं उघड्या डोक्याने खांद्यावर बसलेलं असेल तर फोटो त्याचा. तोच एक तुकडा वाट बघून मिळवायचा असतो.

तिसरा नियम मात्र फोटोत दगा देतो. रिंगणात अश्व धावतो तेव्हा हजारोंच्या गर्दीतही नजर त्याच्यावर खिळते, कारण तो धावतोय आणि बाकी सगळे उभे आहेत. स्थिर फोटोत ही गतीच निघून जाते. उरतो गर्दीवर चिकटलेला एक घोडा, तोही पांढऱ्या सदऱ्यांच्या भिंतीवर. उपाय दोन. शटर १/३० सेकंदाच्या आसपास ठेवून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत न्या, म्हणजे गर्दी पट्ट्यापट्ट्यांत विरते आणि घोडा बऱ्यापैकी स्थिर राहतो. बरेच फोटो फुकट जातात, त्याला इलाज नाही. नाहीतर उंच जागा शोधा आणि घोडा रिंगणाच्या मोकळ्या मातीवर असतानाच टिपा. दुसरा उपाय नीरस वाटतो, पण वर्तमानपत्राला तोच फोटो लागतो.

पायरी ७: रेषा आणि पुरं करण्याची सवय

डोळा वळण सोडत नाही. घाटातली चढती वाट, नदीकाठच्या पायऱ्या, रेल्वेचा रूळ, सगळं नजरेला ओढत नेतं. फक्त ती रेषा कुठे संपते ते बघा. बहुतेक जण सुंदर वळण टिपतात आणि ते थेट चौकटीबाहेर जाऊ देतात. वळणाच्या टोकाशी रथ असेल तेव्हाच दाबा.

इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांच्या १९५५ च्या आकृतीत तीन कापलेल्या वर्तुळांमध्ये एक पांढरा त्रिकोण दिसतो, जो तिथे काढलेलाच नाही. मेंदूला सुटलेलं पुरं करायची हौस असते. म्हणून बैल पूर्ण दाखवायची गरज नाही. शिंगं, जू आणि गाडीवानाचा हात पुरतात. कापायचं तर ठामपणे कापा: माणूस मांडीच्या किंवा कमरेच्या आसपास. घोट्यावर, मनगटावर कापलात तर चूक झाल्यासारखं दिसतं.

पायरी ८: खोली उभी करा

दुसरा डोळा गेला, तरी खोली सांगणाऱ्या खुणा फोटोत घालता येतात. एकाने दुसऱ्याला झाकणं, लांबच्या वस्तू लहान होत जाणं, जमिनीचा पोत दूरवर दाट होत जाणं, आणि हवेने लांबचं फिकट, निळसर होणं. या शेवटच्या खुणेवर लिओनार्दोनेही लिहून ठेवलं आहे, आणि सह्याद्रीत ती रोज सकाळी दिसते. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहाटे उभे राहा, एकामागे एक रांगा फिक्या होत जातात. तिथे पुढे एक गडद वस्तू घ्या, कड्याची कड किंवा बसलेला माणूस. ती नसेल तर फिक्या रांगा नुसतीच राखाडी धुरी वाटते. उन्हं वर आली, हवा स्वच्छ झाली की ही खूण बरीच पुसली जाते, तेव्हा नाश्ता करायला जा.

पायरी ९: आकाराचा भ्रम मोजून सोडवा

कोजागिरीचा चंद्र उगवताना परातीएवढा वाटतो आणि मोबाइलमध्ये ठिपका येतो. आकाशात त्याचं माप जेमतेम अर्धा अंश, क्षितिजावरही तेवढंच. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत असे शंभराहून जास्त चंद्र एका ओळीत मावतील. मोठेपणा मेंदूने दिलेला असतो.

तो फोटोत आणायचा तर चंद्राला मोठं करता येत नाही, पुढची वस्तू लहान करावी लागते. साधारण उंचीचा उभा माणूस चंद्राएवढा दिसायला तो तुमच्यापासून जवळपास २०० मीटर लांब हवा. म्हणजे बुरुजावर उभा मित्र, तुम्ही दोनशे मीटर मागे, आणि हातात लांब लेन्स. २०० मिमीवर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर चंद्र चौकटीच्या रुंदीचा साधारण विसावा भाग व्यापतो, ४०० वर दहावा. जवळ-लांबचं नातं लेन्स ठरवत नाही, तुमचं अंतर ठरवतं. लेन्स फक्त कापून देते. याच कारणाने जवळून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं.

पायरी १०: कडा फिरून या, मग तृतीयांश

बटणाआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. तिथे घुसलेली चप्पल, अर्धी रिक्षा, उजळ पिशवी दिसली तर एक पाऊल पुढे.

तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदनबिंदूंवर ठेवायचा, इतक्या उशिरा आला याचं कारण म्हणजे तो इतका महत्त्वाचा नाही. १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो नावासकट मांडला, आणि त्याचा रोख चित्रातली जागा, उजेड-अंधार यांचं असमान वाटप करण्यावर होता. विषय छेदनबिंदूंवरच बसवायचा हुकूम त्यात नव्हता. मोबाइलवरची जाळी क्षितिज सरळ ठेवायला वापरा. आकृती मागच्यापासून सुटलेली असेल तर ती मधोमधही चालते. सुटलेली नसेल तर नेमक्या छेदनबिंदूवरही बुडते.

जागा पक्की झाली की थांबा. आंद्रे ल्होत या चित्रकाराकडे शिकलेल्या कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ मध्ये फ्रान्समधल्या ईएर गावात टिपलेल्या फोटोत वळणदार जिना आहे, कठडे आहेत, आणि खाली रस्त्याच्या मोकळ्या तुकड्यात नेमका सायकलवाला. आपल्याला यातून घ्यायची ती एवढीच सोय: रंगमंच आधी, पात्र नंतर. फूल बाजारात निळ्या ताडपत्रीपुढची फट धरून उभे राहा. हमाल पाटी घेऊन येतोच.

पायरी ११: घरी, दुसऱ्या दिवशी

त्याच संध्याकाळी निवडू नका, तेव्हा टाळ अजून कानात असतात आणि मेंदू फोटोत नसलेलंही भरून टाकतो. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो बोटाच्या नखाएवढे लहान करून गॅलरीत बघा. एवढ्यातही काय चाललंय ते कळणारे वेगळे काढा. मग प्रत्येक फोटो आडवा उलटा करून बघा. सवयीचं दृश्य अनोळखी झालं की कोपऱ्यातली बादली पुन्हा दिसते. तिथे क्रॉप करा. शेवटी घरातल्या एखाद्याला दोन सेकंद फोटो दाखवून मोबाइल बाजूला घ्या आणि विचारा, काय पाहिलंस? उत्तरात पायरी १ मधलं क्रियापद आलं तर तो फोटो ठेवा.